एका माणसाचे धैर्य आणि ज्ञातिसंस्थेचे कर्तव्य

(उल्हासनगर कॅम्प ५ येथे भरलेल्या ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आजच्या संमेलनात दोन शब्द बोलावे, अशी आज्ञा मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. अशा प्रसंगी संस्थेच्या कार्याचा गौरव करावा, शिष्यवृत्ती मिळविलेल्या मुलामुलींचे अभिनंदन करावे आणि वर्गणी वेळेवर भरण्याची विनंती करून खाली बसावे, असा शिरस्ता आहे. ते सर्व आम्ही मनापासून करतो. वर्गणीची विनंतीही करतो. परंतु आज आम्ही जरा अवघड विषय घेतला आहे. ज्याच्यापाशी अधिकार नाही, पैसा नाही, पाठीशी पक्ष नाही, असा एखादा सामान्य माणूस अन्यायापुढे मान तुकविण्याचे नाकारतो, तेव्हा त्याच्या त्या नकाराने इतर हजारोंच्या हक्कांत भर कशी पडते, आणि अशा माणसाशी आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थेने कसे वागावे, हा तो विषय होय.

उदाहरणासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. आपला कॅम्प ५ जेथे संपतो तेथे अंबरनाथ लागते. शके ९८२ मध्ये, म्हणजे इ.स. १०६० मध्ये, शिलाहारांच्या काळी उभे राहिलेले तेथील शिवमंदिर आपण सर्वांनी पाहिले आहे. त्या मंदिराजवळून वाहणारी वालधुनी पुढे आपल्याच वस्तीतून जाते. आपल्यापैकी कित्येकांचे वडील अंबरनाथच्या आयुध निर्माणीत, काड्यापेट्यांच्या कारखान्यात किंवा शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये कामाला जात. असे हे अंबरनाथ आपल्या अंगणासारखे आहे. तेथे मे २०१९ मध्ये जे घडले ते वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झाले होते. आपल्यापैकी अनेकांनी ते वाचलेही असेल आणि दुसऱ्या दिवशी विसरलेही असेल.

कंजारभाट समाजातील विवेक तमायचीकर या तरुणाच्या आजीचे तेव्हा निधन झाले. घरात मृत्यू झाला की बोलावणे पाठवावे लागत नाही. शेजारीपाजारी येतात, कोणी तिरडी बांधतो, कोणी मडके आणतो, बायका घरातल्या बाईजवळ बसतात. वैर असलेली माणसेही त्या दिवशी वैर बाजूस ठेवतात. परंतु या घरी समाजातील माणसांनी जाऊ नये, असे जात पंचायतीतील प्रमुखांनी बजावल्याची आणि त्याच सुमारास वस्तीत एका लग्नाच्या आदल्या समारंभात मोठ्याने वाद्ये वाजत राहिल्याची तक्रार विवेक यांनी पोलिसांत नोंदविली. सामाजिक बहिष्काराविरुद्धच्या कायद्याखाली चौघांवर गुन्हा दाखल झाला. कोण दोषी व कोण निर्दोष, हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. त्यात आम्ही शिरत नाही. एका वृद्धेच्या अंत्ययात्रेस माणसे येऊ नयेत असे कोणाला वाटावे, इतका त्या नातवाचा अपराध तरी काय होता, एवढेच आपण पाहू.

त्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. दुसऱ्या समाजाची उणीदुणी आपल्या व्यासपीठावरून काढण्याचा आमचा हेतू नाही, आणि तसा आम्हांस अधिकारही नाही. कंजारभाट समाजाने जे भोगले त्याचा शतांशही आपल्या वाट्यास आला नाही. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याखाली ज्या जमाती पुढे नोंदल्या गेल्या, त्यांतील मूल जन्मास येताच सरकारच्या दृष्टीने संशयित ठरे. पोलिसांपुढे हजेरी द्यावी, परवान्याशिवाय गाव सोडू नये, तारेच्या कुंपणातील सेटलमेंटमध्ये राहावे, असे त्यांचे जिणे होते. सोलापूरची सेटलमेंट त्यासाठीच प्रसिद्ध होती. देश स्वतंत्र झाल्यानंतरही पाच वर्षे हा कलंक राहिला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला आणि हे लोक ‘विमुक्त’ झाले. ज्यांना पोलीस म्हणजे छळ आणि कचेरी म्हणजे शिक्षा एवढाच अनुभव होता, त्यांनी आपले तंटे आपल्या पंचांपुढे न्यावे, यात नवल ते काय? पंचायत ही त्यांची एकमेव कचेरी होती आणि आपत्तीतला एकमेव आधारही तीच होती. म्हणूनच तिचा शब्द मोडणे म्हणजे छप्पर सोडून उघड्यावर जाणे होते. हे ध्यानात घेतले तरच त्या तरुणाच्या धैर्याचे मोल कळते.

या समाजात विवाहानंतर नववधूच्या कौमार्याची परीक्षा घेण्याची रूढी होती. पांढऱ्या वस्त्राचा पुरावा पाहून, नवरदेवाच्या तोंडून पंचांसमक्ष निकाल वदवून घेतला जाई. निकाल प्रतिकूल ठरला तर त्या मुलीच्या नशिबी अपमान, कित्येकदा मारझोड आणि तिच्या बापाच्या नशिबी दंड येई. शास्त्रदृष्ट्या या परीक्षेस काडीचाही आधार नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आणि संयुक्त राष्ट्रांच्या संबंधित संस्थांनी ही परीक्षा सर्व देशांनी बंद करावी असे आवाहन केले, तेही याच कारणास्तव. परंतु रूढीस शास्त्राची पर्वा नसते. ती भीतीवर उभी असते, आणि ‘सर्वच जण करतात’ या एका वाक्यावर टिकते.

हे वाक्य खोटे पाडण्यास एक माणूस पुरतो. त्याच समाजातील कृष्णा व अरुणा इंद्रेकर या दांपत्याने १९९६ मध्ये या परीक्षेस नकार देऊन विवाह केला. त्यांच्यामागे लगेच कोणी रांग लावली नाही. पुढची वीस वर्षे ते जवळजवळ एकाकीच राहिले. परंतु नकार देऊनही माणसे संसार करतात, मुले वाढवितात, ताठ मानेने जगतात, हे पाहणारी एक पिढी तेवढ्यात वयात आली. २०१७ च्या अखेरीस विवेक तमायचीकर आणि त्यांच्याबरोबरच्या काही तरुण-तरुणींनी मोबाइलवर एक गट स्थापन केला आणि ही रूढी थांबवा, अशी चळवळ सुरू केली. विवेक हे टाटा समाजविज्ञान संस्थेत शिकलेले. त्यांच्या वाग्दत्त वधू ऐश्वर्या यांनीही आपण ही परीक्षा देणार नाही असे सांगितले. आमच्या मते या प्रसंगातील अधिक मोठे धैर्य त्यांचे आहे. पुरुषाने नकार दिला तर तो बंडखोर म्हणवतो. स्त्रीने नकार दिला तर लोक तिच्या शीलाविषयी कुजबुजतात. ती कुजबुज पत्करून त्या उभ्या राहिल्या, आणि २०१८ मध्ये या दोघांचा विवाह कौमार्य परीक्षेविना पार पडला.

या धैर्याची किंमतही त्यांस मोजावी लागली. जानेवारी २०१८ मध्ये पिंपरी येथे एका लग्नप्रसंगी या चळवळीतील तरुणांस मारहाण झाली व प्रकरण पोलिसांत गेले. त्याच सुमारास या चळवळीच्या विरोधात पुण्यात मोर्चा निघाला आणि त्यात समाजातील स्त्रियाही होत्या. त्या वर्षीच्या नवरात्रात ऐश्वर्या यांस दांडिया खेळण्यास मज्जाव झाल्याची तक्रार पिंपरीत नोंदविली गेली. आणि पुढल्या वर्षी, मघाशी सांगितल्याप्रमाणे, आजीच्या अंत्ययात्रेचा प्रसंग आला. नृत्य, लग्न आणि मरण, ज्या ज्या ठिकाणी माणसाला माणसांची गरज असते त्या त्या ठिकाणी त्यांस एकटे पाडले गेले. वाळीत टाकणे म्हणतात ते हेच.

वाळीत टाकणे ही काही एकाच समाजाची मक्तेदारी नाही. आपल्या महाराष्ट्रात मोठमोठ्यांचे पाय या शस्त्रापुढे लटपटले आहेत. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानास गेली असता तेथे चहा देण्यात आला. कोणी तो घेतला, कोणी नुसताच समोर ठेवला. कल्याणशी नाते असलेल्या डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे यजमान गोपाळराव यांनी हजर असलेल्यांची नावे छापून आणली आणि पुण्यात ग्रामण्य उभे राहिले. त्या यादीत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. टिळकांनी काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे दाखविले, आणि सामाजिक परिषदेचे प्राण असलेल्या रानड्यांनी मित्रांच्या अडचणींकडे पाहून १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. रानड्यांची योग्यता आम्ही जाणतो. त्यांस दोष देण्याइतके आम्ही मोठे नाही. एक पेला चहा ज्यास पचू दिला गेला नाही, असा तो बहिष्कार किती जबरदस्त असेल, एवढेच यावरून समजावे.

त्यानंतर एकाच वर्षाने, ११ मार्च १८९३ रोजी, फर्ग्युसन कॉलेजातील गणिताच्या एका शिक्षकाने पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. ते धोंडो केशव कर्वे. कोकणातील मुरूड या त्यांच्या गावी सभा भरली आणि गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. ते गावी आले तर कोणी त्यांच्याबरोबर एका बैठकीवर बसू नये, आणि भावाने त्यांस घरात घेतले तर भावासही वाळीत टाकावे, असे ठरले. ज्या मातेने त्यांस वाढविले, तिच्या घरीही त्यांस मोकळेपणाने जाता येईना. त्या दिवशी कर्वे हे ‘महर्षी’ नव्हते, ‘भारतरत्न’ नव्हते. ते एक सामान्य, मितभाषी, पायी चालणारे शिक्षक होते. तो बहिष्कार त्यांनी सोसला, आणि पुढे हिंगण्याच्या माळावर विधवांसाठी जी झोपडी उभी राहिली तिच्यातून स्त्रियांचे विद्यापीठ निघाले. आज आपल्या घरातील ज्या मुली पदवीधर होत आहेत, त्यांच्या पदवीत मुरूडच्या त्या बहिष्काराचाही वाटा आहे.

येथे कोणी म्हणेल की, धैर्याने एकेकटा माणूस तरला, हे ठीक; परंतु त्यातून हक्क कसे निर्माण होतात? हक्क तर कायद्याने मिळतात. हा प्रश्न रास्त आहे. म्हणून कायद्याची हकीकत थोडक्यात सांगतो.

बहिष्कार हा गुन्हा मानावा, ही मागणी भारतात अत्यंत स्पष्टपणे मांडली ती डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी. १९४७ मध्ये संविधान सभेपुढे ठेवण्यासाठी त्यांनी जे निवेदन तयार केले, त्यात सामाजिक बहिष्काराची व्याख्या करून तो शिक्षेस पात्र ठरवावा असे कलम होते. त्यासाठी त्यांनी ब्रह्मदेशातील १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार घेतला होता. गावकुसाबाहेरच्या माणसाने पाणवठ्यावर हक्क सांगितला की त्याचे काम बंद, दुकान बंद, वाट बंद होते, हे त्यांनी जवळून पाहिले होते. मार हा दिसतो, त्याची फिर्याद करता येते. बहिष्कारात मात्र कोणीच काही केलेले नसते. कोणी बोलले नाही, कोणी आले नाही, कोणी उधार दिले नाही, याची फिर्याद कोणाविरुद्ध करावी?

मुंबई राज्याने १९४९ मध्ये जातिबहिष्कृत करण्यास बंदी घालणारा कायदा केला. परंतु दाऊदी बोहरा पंथाच्या धर्मगुरूंनी त्यास आव्हान दिले आणि ९ जानेवारी १९६२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो कायदा धर्मस्वातंत्र्याशी विसंगत म्हणून रद्द केला. सरन्यायाधीश सिन्हा यांचे मत मात्र वेगळे होते. तो प्रश्न अद्यापि मिटलेला नव्हता असे दिसते, कारण फेब्रुवारी २०२३ मध्ये त्या निर्णयाचा विचार मोठ्या पीठाने करावा असे न्यायालयानेच ठरविले. तात्पर्य, १९६२ नंतर महाराष्ट्रात वाळीत टाकलेल्या कुटुंबास आधार देणारा स्वतंत्र कायदा उरला नाही, आणि ही स्थिती अर्धशतकाहून अधिक काळ टिकली.

ती बदलली कशी? जून २०१३ मध्ये नाशिक येथे आंतरजातीय विवाह केलेल्या एका गरोदर मुलीचा तिच्या पित्याच्याच हातून खून झाला. त्या निमित्ताने जात पंचायतींच्या दहशतीची चर्चा सुरू झाली. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने डॉक्टर नरेंद्र दाभोलकरांच्या नेतृत्वाखाली या प्रश्नास हात घातला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉक्टरांची हत्या झाली. परंतु त्यांच्या सहकाऱ्यांनी काम सोडले नाही. मग एक चमत्कार दिसू लागला. रायगड, रत्नागिरी, नाशिक, पुणे, अशा ठिकठिकाणांहून माणसे पुढे येऊन सांगू लागली की, आम्हांस वाळीत टाकले आहे, आमच्याकडून दंड घेतला आहे, आमच्या मुलीचे लग्न मोडले आहे. ही माणसे पुढारी नव्हती. कोणी शेतकरी, कोणी रिक्षाचालक, कोणी शिक्षक. त्यांच्या तक्रारींवाचून विधिमंडळापुढे ठेवण्यास काहीही नव्हते. अखेर एप्रिल २०१६ मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तीचे संरक्षण करणारा अधिनियम संमत केला, आणि राष्ट्रपतींच्या अनुमतीनंतर ३ जुलै २०१७ पासून तो अंमलात आला. बहिष्कार घालणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कारावास किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. विवाह, अंत्यविधी इत्यादी विधी करण्यास मज्जाव करणे, हेही त्यात बहिष्काराचेच रूप मानले आहे. बाबासाहेबांनी १९४७ मध्ये लिहिलेली गोष्ट महाराष्ट्रात कायद्याच्या पुस्तकात येण्यास ६९ वर्षे लागली.

परंतु कायदा पुस्तकात आला म्हणजे वस्तीत आला असे होत नाही. तो एखाद्या घराच्या दारापर्यंत येण्यास कोणीतरी पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागते, कागदावर स्वतःचे नाव लिहावे लागते, आणि ज्यांच्याविरुद्ध तक्रार केली त्यांच्याच गल्लीत त्या रात्री झोपावे लागते. अंबरनाथच्या त्या घरी सुतक असताना ज्याने हे केले, त्याने तो कायदा आपल्या भागात जिवंत केला. त्याआधी तीन महिने, फेब्रुवारी २०१९ मध्ये, कौमार्य परीक्षा हा लैंगिक अत्याचाराचा गुन्हा समजला जाईल, असे राज्य सरकारतर्फे जाहीर करण्यात आले होते. मूठभर तरुणांच्या नकाराने शासनास तेवढे बोलावयास लावले. आणि हा हक्क त्यांच्या एकट्यांचा राहिला नाही. उद्या आपल्या एखाद्या मुलीवर असा प्रसंग आला तर तीही याच वाटेने जाईल, आणि ही वाट कोणी पाडली हे तिला ठाऊकही नसेल.

या तरुणांवर दोन आक्षेप घेतले गेले, आणि ते आपल्याकडेही ऐकू येतात. पहिला हा की, घरातील गोष्ट यांनी चव्हाट्यावर नेली आणि जातीची बदनामी केली. आम्हांस विचाराल तर, झाकलेल्या जखमेने आजवर कोणाची अब्रू राखलेली आम्ही पाहिली नाही. विवेक व ऐश्वर्या यांच्यामुळे कंजारभाट समाजाचे नाव महाराष्ट्रात प्रथमच अशा एका कारणासाठी आदराने घेतले गेले की, तेथील तरुण आपल्या घरातील अन्याय स्वतः दूर करू पाहतात. दुसरा आक्षेप असा की, समाज एकसंध राहिला पाहिजे आणि अशाने तो फुटतो. एकोपा आम्हांसही हवा आहे. परंतु जेथून बाहेर जाण्याची भीती वाटते म्हणून माणसे आत राहतात, त्यास एकोपा म्हणता येणार नाही. सोलापूरच्या सेटलमेंटमध्येही सर्वजण एकत्रच राहत होते.

आता आम्ही आपल्या घराकडे वळतो. हे बोलणे आम्हांस जड जात आहे. परंतु ते टाळून वरील सर्व गोष्टी सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल.

आपली जात पंचायत नाही, आपले नोंदलेले मंडळ आहे, असे आपण अभिमानाने म्हणतो. परंतु ज्या कायद्याचा आम्ही उल्लेख केला, तो नावावर जात नाही. समाजातील व्यक्तींच्या खाजगी वर्तनावर नियंत्रण ठेवणारे, आज्ञा काढणारे मंडळ नोंदलेले असो वा नसो, कायद्याच्या दृष्टीने ते जात पंचायतच होय. या व्याख्येत आपण कधी बसलो होतो काय? आम्ही सांगतो, बसलो होतो.

चाळीसहून अधिक वर्षांपूर्वीची गोष्ट. आपले एक ज्ञातिबंधु याच कॅम्पात एका बॅरेकमध्ये राहत आणि अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. मंडळाच्या पहिल्या वर्गणीदारांपैकी ते एक. त्यांच्या मुलीने दुसऱ्या जातीतील तरुणाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले आणि वडिलांनी तिला आशीर्वाद दिला. मंडळाची बैठक भरली. त्यांची त्या वर्षीची वर्गणी परत करावी, कुटुंबयादीतून नाव वगळावे, आणि हळदीकुंकू, बारसे, लग्न कशाचेही बोलावणे त्या घरी जाऊ नये, असे ठरले. शेवटची गोष्ट अर्थातच लिहिली गेली नाही. मिनिटबुकात एवढेच आहे की, ‘वर्गणीसंबंधी एका सभासदाचा विषय निकालात काढण्यात आला.’ ते अक्षर आमचे आहे. आम्ही तेव्हा सहचिटणीस होतो. हात वर करणाऱ्यांत आमचा हात होता.

त्यानंतर तीन वर्षांनी ते गृहस्थ वारले. आम्ही समोरच्याच ओळीत राहत होतो. आमच्या मातोश्रींनी पदर खोचला आणि त्या निघाल्या. त्या दोन घरांत पूर्वी रोज वाटीने विरजण जात-येत असे. आम्ही त्यांस दारात अडविले. मंडळाचे ठरले आहे, आपणच मोडले तर लोक काय म्हणतील, असे म्हणालो. त्या आत गेल्या. कारखान्यातील त्यांचे सोबती आले होते, शेजारच्या बॅरेकमधील सिंधी कुटुंबे आली होती. फाळणीनंतर ज्यांची घरेदारे सिंधमध्ये राहिली आणि जी माणसे लष्कराच्या या रिकाम्या छावणीत येऊन पडली, त्यांना मृत्यूच्या दारी कोणाची जात विचारावी हे सुचले नाही. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते या वसाहतीचे उल्हासनगर झाले, ते अशाच माणसांच्या जिवावर. खांदा द्यायला आपल्या ज्ञातीचा एकही माणूस नव्हता. आम्ही खिडकीतून पाहत होतो. त्या रात्री मातोश्रींनी आमच्या हातचे पाणी घेतले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या एकट्याच त्या घरी गेल्या आणि दहाव्यापर्यंत रोज जात राहिल्या. मंडळाने त्यांस काही विचारले नाही, कारण सहचिटणिसाच्या आईस कोण विचारणार? आज आम्हांस वाटते, त्या दहा दिवसांत आपल्या ज्ञातीत जर कोणी धैर्य दाखविले असेल तर ते त्या निरक्षर बाईने.

म्हणून अंबरनाथची बातमी आम्ही वाचली तेव्हा आम्हांस ती परक्याची वाटली नाही. विवेक यांच्या जागी आम्ही कधीच नव्हतो. खिडकीत उभे राहणाऱ्यांत आम्ही होतो, आणि अशा प्रसंगी खिडकीत उभे राहणारेच संख्येने फार असतात. पंच चार-पाच असतात. बहिष्कार घडवितात ते बाकीचे सर्व. एका माणसाच्या धैर्याने हक्काची वाट उघडते खरी. परंतु ती वाट रुळावयाची तर या बाकीच्यांपैकी कोणीतरी दार उघडून बाहेर यावे लागते. रानड्यांच्या वेळी तसे फार थोडे आले. कर्व्यांच्या वेळी थोडे अधिक आले. आपल्या वेळी किती यावेत, हे आपल्या हाती आहे.

नुसत्या पश्चात्तापाचे भाषण करून आम्ही आपला वेळ घेणार नाही. मंडळापुढे आम्ही तीन सूचना ठेवतो आणि त्या सर्वसाधारण सभेत ठराव म्हणून मांडण्याची अनुज्ञा मागतो.

पहिली सूचना अशी की, तो जुना निर्णय मंडळाने स्पष्ट शब्दांत मागे घ्यावा. ‘विषय निकालात काढला’ अशी भाषा पुन्हा नको; काय केले व ते चूक कसे होते, हे मिनिटबुकात लिहावे. त्या कुटुंबाचे नाव कुटुंबयादीत पूर्वीच्या जागी छापावे. त्यांची कन्या हयात आहे. तिच्याकडे मंडळाचे पदाधिकारी आणि आम्ही स्वतः जाऊन क्षमा मागू. ती क्षमा करील किंवा न करील, तो तिचा अधिकार आहे.

दुसरी सूचना आपल्या घटनेविषयी. ज्ञातिसंस्था आम्हांस प्रिय आहे. वसतिगृहे, शिष्यवृत्त्या, आजारपणात मदत, ही कामे ज्या काळी दुसरे कोणी करीत नव्हते त्या काळी अशा संस्थांनी केली. परंतु संस्था आणि पंचायत यांतील भेद आपल्या घटनेत लिहिलेला असावा. वर्गणी थकली तर सभासदत्व खंडित होईल, एवढे पुरे. विवाह कोणाशी केला, मत कोणास दिले, देव कोणता पूजिला, मुलगी कोठे शिकली, यांपैकी कशाहीसाठी मंडळ कोणास जाब विचारणार नाही, असे कलम त्यात घालावे.

तिसरी सूचना सर्वांत सोपी आणि सर्वांत अवघड आहे. आपल्या कॅम्पात किंवा शेजारी अंबरनाथ-बदलापुरात, कोणत्याही समाजातील एखाद्या कुटुंबास वाळीत टाकल्याचे कळले, तर आपल्यापैकी चार माणसांनी त्या घरी जावे. तक्रार करावयाची असेल तर पोलीस ठाण्यापर्यंत सोबत करावी. लग्न असेल तर अक्षता टाकाव्या. मृत्यू असेल तर खांदा द्यावा. खांद्यास चारच माणसे लागतात. आणि आपल्या कुटुंबयादीत, देवाच्या दयेने, चाराहून पुष्कळ अधिक नावे आहेत.

तरुण मंडळींस आमची एवढीच विनंती आहे की, अशा प्रसंगी वडीलधारी माणसे दारात आडवी आली, तर त्यांस नमस्कार करावा आणि बाजूने पुढे जावे. आम्ही आडवे आलो होतो. आमचा अनुभव तुमच्या उपयोगी पडो.